मुबारकचा कान

'धोटा'चा चौथा अल्बम बाहेर पडला आणि देशभरातल्या मेटलवाल्यांनी एकमेकांच्या झिंज्या धरल्या. ज्या बँडची गाणी लावली की शेजारचे पोलिसांना फोन करायचे, त्या बँडनं या वेळी असलं काहीतरी काढलं होतं की त्यानं दुपारी निजलेलं मूलही जागं झालं नसतं. गिटार उघडीबोडकी. ड्रम संथ. एका गाण्यात तर मध्येच ड्रम चक्क थांबतात आणि बराच वेळ परत येतच नाहीत. कुणी म्हणालं, गडी चाळिशीला आले, गुडघे दुखायला लागले. कुणी म्हणालं, कंपनीनं विकत घेतलं. पुण्यातल्या एका समीक्षकानं तर भलामोठा लेख पाडला आणि त्यात भरतेश चौगुलेच्या गिटारमध्ये त्याला जैन तत्त्वज्ञानातला अपरिग्रह सापडला. तो लेख वाचताना भरतेशच्या नाकातून चहा बाहेर आला. अपरिग्रह कसला बोडक्याचा! त्याच्या पोटात दुखत होतं, एवढं साधं कारण. मत्सरानं माणूस घर मोडतो, दोस्ती मोडतो. भरतेशनं मत्सरापायी एका हेवी मेटल बँडचा आवाज मोडला.

त्याचं झालं असं.

इचलकरंजीत अजून यंत्रमाग धडधडत होते, तेव्हाची ही जोडी. मुबारक मोमीनच्या घरचे माग होते आणि भरतेशच्या वडिलांचं मागाच्या मोटारी रिवाइंडिंग करून द्यायचं दुकान. दोघं एका बाकावर बसले, एकत्र नापास झाले आणि एकत्रच मेटलच्या नादाला लागले. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की मुबारकच्या शेडमध्ये हे दोघं सुरू व्हायचे. ड्रमवर बसलेल्या मुबारकच्या दोन्ही पायांतून मागाचीच खटखट निघायची, तीही न थकता. बँडचं नावही तिथलंच. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. भरतेश गिटार वाजवायचा आणि नरड्याच्या तळातून गुरगुरायचा. बास गिटारवर माणसं येत-जात राहिली, पण ही दोघं हलली नाहीत. पुढं माग भंगारात गेले, शेड रिकामी झाली, तिचा स्टुडिओ झाला, तीन अल्बम झाले. भरतेशला विचारलं असतं की बाबा, तुझी कमाई काय, तर त्यानं मुबारककडे बोट दाखवलं असतं. वीस-बावीस वर्षांत त्या गड्यानं कधी एक ठोका चुकवला नव्हता. भरतेशचा हात खाली यायला आणि मुबारकचा पाय पडायला कायम एकच गाठ.

मुबारकला ऐकू कमी येतंय, हे आधी भरतेशच्याच ध्यानात आलं. हाक मारली तरी गडी वळायचा नाही, फोनवर नुसता "व्हय, व्हय" करायचा. भरतेशनं त्याला गाडीत घातलं आणि सांगलीला डॉ. मृणाल देशिंगकर यांच्याकडे नेऊन बसवलं. म्हणजे पुढच्या सगळ्या जळफळाटाची सुरुवात त्यानं स्वतःच्या हातानं केली, बरं का.

बाईंनी तपासलं आणि मुबारकच्या कानात मटाराएवढं एक यंत्र बसवलं. त्याचं नाव 'अवधान'. तेव्हा ते नवीनच निघालं होतं.

"जुनी यंत्रं सगळंच मोठं करायची," बाई म्हणाल्या. "हवं ते आणि नको ते. हे तसं करत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये शंभर माणसं बोलत असतात, वर बँड वाजत असतो, तरी कोपऱ्यात कुणी तुमच्याबद्दल बोलत असेल तर तुम्हाला नेमकं तेच ऐकू येतं. येतं ना?"

"लगेच येतं," भरतेश म्हणाला.

"कारण ऐकतो तो मेंदू. ज्या आवाजाकडे आपलं लक्ष असतं त्या आवाजाच्या चढउतारांबरोबर मेंदूतल्या विजेच्या लाटाही वरखाली होतात. हे यंत्र कानाच्या आतल्या कातडीवरून त्या लाटा वाचतं. बाहेरून येणारे आवाज एकमेकांपासून सुटे करतं आणि ताडून बघतं की कुठल्या आवाजाची चाल या लाटांशी जुळतेय. जुळला तो आवाज मोठा करायचा, बाकीचे खाली. म्हणजे ज्याला ऐकावंसं वाटतं तोच ऐकू येतो."

मुबारक यंत्र घालून खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर कुठंतरी चिमण्या होत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भरतेशलाही भरून आलं.

"एकच सांगते," बाई म्हणाल्या. "यंत्राला आत थोडा जिवंत कान लागतो. तेवढाच उरलाय. यंत्र घातलं की कानाला बूच बसतं, आवाज गाळून आत जातो, तेव्हा ड्रम वाजवायला हरकत नाही. पण यंत्र काढून मोठ्या आवाजात बसलात की उरलंय तेही जाईल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

ही गोष्ट दोघांनी ऐकली. भरतेशनं दोनदा ऐकली, कारण परत येताना गाडीत मुबारकला त्यानंच ती पुन्हा बजावून सांगितली.

*

शर्वरी तेलसिंगे बँडमध्ये येऊन दोन वर्षं झाली होती. वय तिशीचं, आवाजाचं शास्त्र शिकून आलेली, बोलायला मोजकी, हाताला गोड. बास तीच वाजवायची आणि रेकॉर्डिंगही तीच करायची. म्हणून ती काचेपलीकडच्या खोलीत टेबलाशी बसून बासची वायर सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्राला जोडायची आणि तिथूनच वाजवायची; शेडमध्ये ती स्पीकरमधून ऐकू यायची. शेडमध्ये भरतेश आणि मुबारक समोरासमोर.

नव्या अल्बमच्या पहिल्याच दिवशी एक गाणं संपल्यावर मुबारक काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "शर्वरी, हे तू वाजवतेस व्हय? दोन वर्षं झाली तू हे असलं वाजवायलीस?"

"हेच वाजवते, मुबारकभाई."

"आयला! मला वाटायचं नुसतं घुं घुं करत असशील. लई गोड वाजवतेस गं!"

भरतेश हसला. आणि थांबला, म्हणजे आता आपली पाळी म्हणून. मुबारकनं पाणी प्यायलं, टॉवेलनं मान पुसली आणि पुढचं गाणं कुठलं ते विचारलं. भरतेशच्या छातीत काहीतरी बारीक टोचलं. त्यानं ते झटकून टाकलं.

मग शर्वरीनं ती कल्पना काढली. मुबारकच्या कानातलं यंत्र जे ऐकत होतं ते बिनतारी तिच्या टेबलावर घेता येत होतं. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसायच्या. तांबडी गिटारची, निळी बासची. मुबारकचं लक्ष ज्याच्याकडे त्याची पट्टी उंच. "आपण अल्बमच असा करू या का?" ती म्हणाली. "ड्रमवाल्याच्या कानात जे वाजतं तेच लोकांना द्यायचं. असं अजून कुणी केलेलं नाही."

"झकास!" भरतेश म्हणाला. सगळ्यात आधी तोच म्हणाला. मुबारकच्या कानात कोण असणार, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नव्हती ना!

आठवडाभरानं तिनं पहिल्या गाण्याचं मिक्स ऐकवलं. बास अशी समोर येऊन बसली होती की तिच्या तारेवरून बोट सरकलेलंही कळत होतं. आणि गिटार? शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी काहीतरी चाललंय, एवढीच. भरतेशनं हेडफोन काढले, फुंकर मारली, पुन्हा घातले.

"वायर सैल असंल," तो म्हणाला.

"वायर नीट आहे, दादा." शर्वरीनं स्क्रीन त्याच्याकडे वळवला. निळी पट्टी ताठ उभी होती. तांबडी जमिनीला चिकटली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती.

भरतेशनं काचेतून बघितलं. मुबारक ड्रमचे नट आवळत होता आणि निळ्या पट्टीतली धून तोंडानं गुणगुणत होता.

*

भरतेशच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची रीत. पण त्या दिवशी ताट तसंच पुढ्यात. त्याच्या बायकोनं, त्रिशलाभाभींनी, दोनदा आमटी वाढू का विचारलं, मग पळी खाली ठेवली.

"सवत आल्यागत तोंड का केलंय?"

"कुणी? मी?"

"नाहीतर काय ताटानं केलंय? काय झालं सांगा तरी."

त्यानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे मुबारकभाऊजी त्या पोरीचं ऐकतात आणि तुमचं ऐकत नाहीत, म्हणून जेवण जात नाही तुम्हाला?"

"हसतीस काय? एवढी वर्षं काढली त्याच्यासंगं!"

"माझ्यासंगं पण काढली की. माझ्या कानात काय चाललंय, कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण आमटी जरा जोरात वाढली. "पुण्यात माझ्या आतेबहिणीकडं हेच चाललंय. कान चांगले धडधाकट असून दोघांनी ती मशीनं घेतली. आता रोज फोनवर पट्ट्या बघतात. मी बोलताना तुझी पट्टी टीव्हीवर का, म्हणून भांडणं. वकिलापर्यंत गेलंय प्रकरण. शाळांत मुलांना लावणार म्हणे, कोण बाईंकडं लक्ष देतंय बघायला. आधी कसं, समोरचा मान हलवत होता तोवर बरं चाललं होतं."

भरतेशला यातलं काही ऐकू गेलं नाही. त्रिशलाभाभींना ते मशीन न लावताही कळलं.

सकाळी त्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "खोटं नाही, पण त्याला मर्यादा आहेत. मी म्हटलं होतं ना, ते चढउतार पकडतं. तुमच्या गिटारला तुम्ही तो फाटका आवाज देता, त्यात हळू आणि जोरात यातला फरकच मरतो. सगळं सलग, भिंतीसारखं. बासला चढउतार आहेत, ती सापडते. तुमची गिटार सापडत नाही."

भरतेशचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे तो ऐकतोय, पण मशीनला कळंना झालंय! असंच ना?"

"तसंही असेल." बाई म्हणाल्या. "फक्त, माणूस ऐकायची धडपड करत असेल तर पट्टी थोडीतरी थरथरते. तुमची थरथरते का?"

त्यानं फोन ठेवला. भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर येऊन टांगणीला लागला. थरथरत नव्हती. मुबारक ऐकत नव्हता, एवढंच नाही. ऐकायचा प्रयत्नही करत नव्हता.

त्यानंतरचे दिवस भरतेशनं असे काही घालवले की सांगायची लाज वाटावी. शर्वरीनं काही सुचवलं की "तुमच्या शास्त्रात बसत असंल बाई" म्हणायचं. तिनं आणलेल्या भज्यांना हात लावायचा नाही. ती बोलताना गिटारचा सूर लावत बसायचं. एकदा कोल्हापूरला गेले असताना रंकाळ्यावरच्या भेळेच्या गाडीवर मुबारक तिला काहीतरी विचारत होता आणि ती बासचा एक बोल तोंडानं म्हणून दाखवत होती. मुबारक कानात प्राण आणून ऐकत होता. भरतेशनं ते बघितलं आणि भेळ कुत्र्याला घातली. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बरं, ती बाई म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. तिच्या जागी ऐंशी वर्षांचा म्हातारा असता तरी त्यानं म्हाताऱ्याचा तितकाच राग केला असता.

एक दिवस त्यानं गिटारचा आवाज दुपटीनं वाढवला. भिंत सापडत नाही काय? घे मग, मोठी भिंत घे. शेडचे पत्रे थरथरले. मुबारकनं कानावर हात दाबून धरला आणि त्याचा चेहरा पिळवटला.

"दादा!" काचेपलीकडून शर्वरी ओरडली. "त्यांचा कान जाईल!"

भरतेशनं आवाज कमी केला. त्याला भीती वाटली आणि शरमही वाटली. पण सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की मुबारकची काळजी आधी तिला आली.

*

पडदा घालायची कल्पना त्याला त्यातूनच सुचली. शर्वरी पलीकडच्या खोलीत, नजरेआड. तिथून ती फक्त आवाज होऊन येते, म्हणून मुबारक ऐकतो. मग आपणही नजरेआड जाऊ. तोंड दिसलं नाही की झक मारत कान देईल! जुन्या प्लायवूडला गोधड्या ठोकून त्यानं पुरुषभर उंचीची फळी केली आणि आपल्या नि मुबारकच्या मध्ये उभी केली.

"आवाज एकमेकांत मिसळतोय," तो म्हणाला.

"मिसळत नाही, दादा, मी सुटा करते की," शर्वरी म्हणाली.

मुबारक फळीकडे बघत होता.

गाणं सुरू झालं. तिसऱ्याच फेरीत ड्रम मागं पडले. थांबले. पुन्हा सुरू केलं. आता पुढं पळाले. पुन्हा थांबले. ज्या गड्यानं वीस-बावीस वर्षांत ठोका चुकवला नव्हता, त्याचे पाय पहिल्यांदा सायकल शिकणाऱ्यासारखे कुठंही पडत होते. चौथ्यांदा गाणं विस्कटलं तेव्हा भरतेशच्या मनात आधी उकळ्या फुटल्या. बघ, माझ्याशिवाय चालत नाही! आणि मग संताप आला.

"कुठं लक्ष हाय रं तुझं?" तो फळीमागून ओरडला. "कान तिकडं दिलाईस तो दिलाईस, डोकं बी तिकडंच ठेवलंस काय?"

काठ्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग फळी धाडकन आडवी झाली आणि मुबारक समोर उभा राहिला. शर्वरीनं एकदा काचेतून बघितलं, बास उतरवून ठेवली आणि "मी चहाचं बघते" म्हणून बाहेर गेली.

"काय काढलंयस हे? सांग. महिना झाला बघतोय, काय झालंय तुला?"

"तुला ऐकू येत न्हाई माझं," भरतेश म्हणाला. "तिचं येतंय. माझं येत न्हाई. पट्टी बघितलीया मी. थरथरत सुदिक न्हाई. एवढी वर्षं मी कुणासाठी वाजवलं?"

मुबारक त्या पडलेल्या फळीवरच बसला.

"भरत्या, मागाच्या शेडमध्ये माझा जन्म गेला. माझ्या अब्बाचा आवाज मी सुट्टीच्या दिवशी ऐकायचो. बाकीच्या वेळी ओठ बघायचं, हात बघायचं. धागा तुटला तर अशी खूण, धोट्यातली सुताची कांडी संपली तर अशी. आमच्या शेडमध्ये कुणी कुणाला हाक मारत न्हवतं. शाळेतच वरचे सूर गेले माझे. कुणाला सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर तू ड्रमवर दुसरा बसवला असतास."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी गिटार मी कधी ऐकलीच न्हाई. तुझा हात बघून वाजवतो मी. पयल्या दिवसापासनं. तुझं मनगट वळलं की मला कळतं पुढं काय येणार. तू हात खाली आणायच्या आधी खांदा उचलतोस, तेवढ्यात माझा पाय तयार असतो. तू मध्ये फळी घातलीस. मी कशावर वाजवू?"

"तीन अल्बम?"

"बघून."

"अन् आता? मशीन घातल्यावर? आता तर ऐकली असशील एकदातरी."

"ऐकली. पयल्याच दिवशी."

"कशी हाय?"

मुबारकनं मान खाली घातली.

"सांग की मर्दा. कशी हाय?"

"रॉकेलच्या स्टोव्हगत." मुबारक हळूच म्हणाला. "नुसती फर्र करती. तुझा हात काय काय करतो, भरत्या! बोटं कुठनं कुठं जातात! अन् त्यातलं काय बी त्या आवाजात न्हाई. एकदा ऐकली अन् मनात म्हटलं, नको बाबा, आपलं बघितलेलंच बरं."

बाहेर शर्वरी चहावाल्याला साखर कमी घालायला सांगत होती. भरतेशनं गिटार उतरवली, पिशवीत घातली आणि घरी गेला.

*

दुकानाच्या माळ्यावर बसून त्यानं गिटारला जोडलेली सगळी खोकी एकेक करून काढली. आवाज फाडणारं, आवाज जाड करणारं, सुराचं शेपूट लांबवणारं. उरली ती नुसती तार आणि बोटं. वाजवून बघितलं तर शिसारी आली. एवढी वर्षं त्या फर्रमध्ये काय काय खपून गेलं होतं! अर्धवट दाबलेले सूर, घाईत गिळलेल्या जागा, नुसता जोर. शर्वरीची बास आठवली की त्याला घाम फुटायचा. ती हे सगळं उघड्यावर करत होती, रोज, कुणाच्या आड न लपता. त्याला तिचा राग होताच, पण आता त्या रागात एक नवीन भर पडली. ती त्याच्यापेक्षा चांगली वाजवत होती.

बरेच दिवस तो तसाच घासत राहिला. दुकानात मोटारी साचल्या. त्रिशलाभाभी माळ्यावर ताट नेऊन द्यायच्या आणि पायरीवर थोडा वेळ थांबायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "हे बरं वाटतंय ऐकायला." त्यानं मान हलवली. त्याला ते ऐकवायचं होतं ते एकाच माणसाला.

तो परत आला तेव्हा शेडमध्ये कुणी काही विचारलं नाही. मुबारक ड्रमवर बसला आणि सवयीनं त्याची नजर भरतेशच्या मनगटावर गेली. भरतेशनं सुरुवात केली. तेच गाणं, पण मोकळ्या तारांवर, सावकाश. काचेपलीकडे शर्वरीनं एकदम मान वर केली आणि मग स्क्रीनकडे बघितलं. भरतेशलाही स्क्रीन दिसत होता. तांबडी पट्टी थरथरली. वीतभर वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली आणि वरच राहिली.

मुबारकचे ड्रम हळू झाले. मग आणखी हळू. मग त्याचे हात मांडीवर आले आणि तो नुसता ऐकत बसला. गाणं चालूच होतं. शर्वरीनंही बास थांबवली होती. संपल्यावर मुबारकनं नाक ओढलं.

"आलास," तो म्हणाला. "आत्ता आलास बघ ऐकू."

शर्वरी काचेपलीकडून म्हणाली, "माझी पट्टी झोपली की हो दादा." ती हसली, पण ते हसू जरा आखूड होतं. भरतेशला ते हसू ओळखीचं वाटलं आणि त्याला आतून इतका आनंद झाला की काय सांगावं! माणसानं इतकं हलकं असू नये. पण तो होता.

तशाच उघड्या गिटारवर अल्बम झाला. सगळी गाणी पुन्हा वाजवली, फाटका आवाज कुठंही नाही, कारण त्यात मुबारकचा कान हरवत होता. ड्रम थांबतात ते गाणंही त्या दिवशी वाजलं तसंच राहिलं. ज्यावर समीक्षकानं पानं भरली, ते एवढंच होतं. वाजवणारा ऐकता ऐकता वाजवायचं विसरला होता.

*

अल्बमचा पहिला कार्यक्रम गावातच, नाट्यगृहात झाला. काळे टीशर्ट घातलेली सगळी जुनी मंडळी आली होती. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, कुठून कुठून. पहिल्या तीन गाण्यांना त्यांनी दम धरला. चौथ्याला मागून शिट्टी आली. मग कुणीतरी ओरडलं, "भोंगा!" आणि मग सगळं नाट्यगृहच ओरडायला लागलं, "भोंगा! भोंगा! भोंगा!"

'भोंगा' हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं. सगळ्यांत फाटकं, सगळ्यांत वेगवान. ते वाजवायचं तर जुनी खोकी जोडायला हवी होती. ती भरतेशच्या पायाशीच होती. लोकांनी मागितलं तर असावीत म्हणून त्यानंच आणली होती. म्हणजे तो तसं म्हणाला होता.

मुबारकनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. "वाजवायचं काय?"

"तू सांग."

"त्या धुरळ्यात मशीनला काय गावणार न्हाई. काढून ठेवतो अन् बघून वाजवतो, पयल्यागत. एका गाण्यानं काय मरत न्हाई कान." त्यानं यंत्राला बोट लावलं. "बोल. बघू का ऐकू?"

भरतेश उभाच राहिला. अल्बम झाल्यापासून मुबारकनं त्याच्याकडे बघितलं नव्हतं. वाजवायला बसला की गडी डोळे मिटायचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ऐकायचं तर डोळे मिटावे लागतात म्हणाला, नाहीतर हात बघायची सवय मध्ये येते. भरतेशला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि रोज वाजवताना त्याला आपल्या मनगटावर काहीतरी नसल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या जन्मात कुण्या माणसानं कुण्या माणसाकडे इतकं टक लावून बघितलं नसेल, आणि त्याला तेव्हा ते माहीतही नव्हतं. ज्या भरतेशकडे मुबारक असा बघायचा त्या जुन्या भरतेशचा त्याला आता हेवा वाटत होता. एक शब्द बोलायचा अवकाश. एका गाण्यापुरती ती नजर परत आली असती. समोर हजार माणसं तेच मागत होती.

त्यानं मुबारकच्या कानाकडे बघितलं. मुबारकचं बोट अजून यंत्रावर होतं.

"ऐक," भरतेश म्हणाला.

"नक्की?"

"ऐक म्हटलं न्हवं. घाल नीट."

मुबारकनं डोळे मिटले. भरतेशनं पायाशी असलेली खोकी बुटानं बाजूला सारली आणि 'भोंगा' उघड्या तारांवर सुरू केला. लोकांना ओळखायला वेळ लागला. ओळखल्यावर ते भडकले. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली, ती ड्रमपाशी येऊन फुटली. पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले, त्यांच्यामागं अख्खी रांग. भरतेश मुबारककडे बघत होता. मिटलेल्या डोळ्यांचा तो चेहरा हळूहळू डावीकडे कलला. डावीकडे शर्वरी होती. तिनं काहीतरी सुरेख घेतलं होतं, भरतेशनंही ते ऐकलं, आणि त्याच्या पोटात पुन्हा तीच जुनी कळ उठली.

त्यानं बोटांतला जोर काढून घेतला. तार जेमतेम हलेल एवढाच ठेवला. लोक ओरडतच होते. मुबारकची मान थबकली, सरळ झाली आणि मग उजवीकडे, भरतेशच्या बाजूला वळली.

भरतेशनं आणखी हळू वाजवलं.